न आलेल्या पोरीचा शोध

माझं शिक्षण चौथी. तेवढ्यावर मी गावाकडे एकतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली. ताई शिकवायची, मी खोली झाडायची, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. म्हातारपणी मुलाने अमेरिकेला आणलं, तर इथेही नाकंच पुसते आहे. फरक इतकाच की इथे नाक पुसायच्या आधी हातमोजे घालायचे आणि पुसून झाल्यावर साबणाने वीस मोजेपर्यंत हात धुवायचे.

माझी सून बॉथेल नावाच्या गावात आमच्या राहत्या घरातच पाळणाघर चालवते. त्याचं लायसन्स आहे. मला कामाला घ्यायच्या आधी सरकारने माझ्या दहाही बोटांचे ठसे मागितले. ठसे उमटेनात. राखेने भांडी घासून रेषाच गेलेल्या. तिथल्या माणसाने बोटांना मलम चोळून तीन-तीनदा घेतले तेव्हा कुठे मशीनने मानलं. मुलगा म्हणाला, "आई, तू चोरी केलीस तरी सापडणार नाहीस." तो चेष्टेत म्हणाला. पुढे मी चोरी केली आणि दुसऱ्याच आठवड्यात सापडले, ते सांगते.

आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं कॉम्प्युटरवाल्यांची. त्यांचे आईबाप स्वतःच्या खिशातून पैसे भरतात. पण एक तीन वर्षांची पोर सरकारी तासांवर येते. म्हणजे असं, की आईची कमाई थोडी असेल आणि ती कामाला जात असेल, तर ती कामावर असते तेवढ्या तासांचे पाळणाघराचे पैसे सरकार भरतं. सुनेने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, कुणाच्या ओळखीने मिळतं हे? ती म्हणाली, ओळख लागत नाही, अर्ज लागतो. मला ते खरं वाटायला बरेच दिवस लागले.

त्या पोरीची आई इथिओपियाची. नवरा नाही. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, खुर्चीत बसवायचं, हे तिचं काम. सातला हजर व्हावं लागतं, म्हणून सव्वासहाला आमच्या दारात. पोर खांद्यावर झोपलेली. मी तिला उचलून आतल्या खोलीत निजवते. आई आणि मी एकमेकींशी बोलत नाही, कारण दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी तिचं सगळं त्या तासांवर उभं आहे हे मला कळत होतं. तास गेले तर पोर ठेवायला जागा नाही, आणि पोर ठेवायला जागा नाही तर काम नाही. दर वर्षी ती मंजुरी नव्याने घ्यावी लागते आणि तिचा महिना जवळ आला होता.

दाराशी टॅबलेट टांगलेला असतो. पोर सोडताना आणि नेताना आईबापाने आपले चार आकडे दाबायचे आणि बोटाने सही करायची. वेळ आपोआप पडते. त्यावर सरकार पैसे देतं. हे आईबापानेच करायचं, दुसऱ्या कुणी नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

एका सकाळी तिची बस वळणावर दिसायला लागली आणि टॅबलेटवर नुसतं चक्र गोल-गोल फिरत बसलं. ती एकदा बसकडे बघे, एकदा टॅबलेटकडे. मी पोर घेतली आणि हाताने खूण केली, जा. ती पळाली. टॅबलेट चालू झाल्यावर मी तिचे आकडे दाबले आणि सहीच्या जागी एक रेघ ओढली. आकडे मला कुणी सांगितले नव्हते. रोज तिचं बोट बघत होते. आकडे म्हणून नव्हे, बोट कुठून कुठे जातं ते डोक्यात बसलं होतं, रांगोळीचे ठिपके बसतात तसं.

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या अंगणवाडीत हजेरी अशीच लागायची. सोमवारी ताई आठवड्याची हजेरी भरून टाकायची. पटावर चाळीस पोरं, येणारी बावीस. उरलेली कुणी मामाच्या गावी, कुणी आईबरोबर ऊसतोडीला, दोन-तीन तर मोठी होऊन शाळेत गेलेली. पण हजेरी चाळीसची लागली तर तांदूळ चाळिसांचे येत, आणि मग आलेल्या बाविसांच्या ताटात दोनदा वाढता येई. आम्ही त्याला खोटेपणा म्हणत नव्हतो. हजेरी लावणं म्हणजे पोराचं भलं करणं, हे माझ्या हातांना एकतीस वर्षांत शिकवलेलं.

मग टॅबलेट अडला की मी तिच्यासाठी दाबायचे, असं आणखी तीन-चारदा झालं. संध्याकाळी ती स्वतः दाबून पोर नेई, त्यामुळे तिला पत्ता लागला नाही.

पाचव्या की सहाव्या वेळी मी शहाणपणा केला. ती यायच्या आधीच आकडे दाबून ठेवले. म्हटलं, येणारच आहे, तिचा दारातला वेळ वाचेल. आतल्या खोलीत अंथरूणही घातलं, उशी ठेवली, पांघरूण टाकलं. बस आली आणि गेली. ती आली नाही. टॅबलेटवरचं पुसायचं कसं ते मला येत नव्हतं. नाही आली तर नाही आली, असं म्हणून मी ते सोडून दिलं. सून तेव्हा स्वयंपाकघरात पोरांच्या नाश्त्याची तयारी करत होती. तिला मी बोलले नाही. साडेसातला पाच पोरं आल्यावर मी वर आंघोळीला गेले.

आंघोळ करताना खाली दारं आपटल्याचा आवाज ऐकू आला. मग सून कुणाला तरी हाका मारते आहे असं वाटलं. अंगावर पाणी होतं तसंच गाऊन चढवून खाली आले.

बैठकीत एक अनोळखी तरुण बाई जमिनीवर पालथी पडून सोफ्याखाली टॉर्च मारत होती. गळ्यात सरकारी ओळखपत्र, अंगात चांगला कोट. ती उठली आणि पाळण्यांच्या मागे गेली. मग कोठीचं दार उघडून तांदळाच्या पिंपामागे पाहिलं. वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत हात घातला. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मला वाटलं, झडती आहे. मग ती मागच्या दारातून पळत बाहेर गेली. आमच्या मागे उतार आहे आणि खाली ओढा. सगळा चिखल आणि काटेरी जाळ्या. ती चांगल्या बुटांनी त्यात उतरली, घसरून गुडघ्यांवर पडली, उठली आणि ओढ्याच्या काठाने पाण्यात बघत चालू लागली. एका हातात फोन होता.

सून पाच पोरांना एका कोपऱ्यात घेऊन उभी होती. तोंड पांढरं पडलेलं.

"आई, पोर कुठंय?"

"कुठली?"

"पहाटेची. टॅबलेटवर सहा आहेत, इथे पाच आहेत. तिचं अंथरूण रिकामं आहे. आई, मागचं दार नुसतं लोटलेलं होतं."

"ती आज आलीच नाही," मी म्हणाले.

"मग सही कुणी केली?"

"मी."

सुनेने आधी दारातून ओरडून त्या बाईला परत बोलावलं. मग माझ्याकडे बघितलं. तिने फोन हातात घेतला. पावणेसहाचा पोरीच्या आईचा मेसेज होता, ताप आहे, येत नाही. फोन चार्जिंगला लावलेला, मेसेज तसाच पडून. पोर आतल्या खोलीत झोपली असेल असं सून धरून चालली होती.

ती सरकारची बाई आत आली. न कळवता तपासायला येतात त्यांच्यापैकी होती. डोकी मोजली होती आणि एक कमी भरलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहाताला काटे लागून रक्त. पोर घरीच आहे हे कळल्यावर ती आमच्या पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. तिला ती पोर कोण, कशी दिसते, काही माहीत नव्हतं. टॅबलेटवरचं एक नाव होतं फक्त.

तेव्हा मला आमच्या पटावरची अठरा पोरं आठवली. एकतीस वर्षांत किती साहेब आले, किती जीपा आल्या. पट बघितला, शिक्का मारला, चहा घेतला. ती अठरा पोरं कुठे आहेत असं एकानेही विचारलं नाही. पिंपामागे बघायची गोष्ट सोडा. आणि आम्हीही विचारलं नाही. पाया पडावं असं माणूस मी फारसं पाहिलेलं नाही, पण त्या चिखलाच्या गुडघ्यांकडे मी बराच वेळ बघत होते.

मग ती कामाला लागली. सून माझं बोलणं इंग्रजीत सांगायला लागली, तर तिने हात वर करून थांबवलं. घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही. तिने फोन लावला, काही बटणं दाबली आणि टेबलावर ठेवला. पाच-सात मिनिटांत फोनमधून मराठीत आवाज आला. "नमस्कार मावशी. मी दुभाषी आहे. तुम्ही बोलाल ते सगळं मी इंग्रजीत सांगेन."

माझ्या एका चुकीसाठी सरकारने मराठी बाई शोधून आणली होती. मी म्हणाले, "कुठली गं तू?" तिने तेही इंग्रजीत सांगितलं. सरकारची बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. दुभाषी म्हणाली, "मावशी, मला मधे काही बोलता येत नाही. फक्त भाषांतर."

विचारायचं एकच होतं. आईने तिचे आकडे मला दिले होते का? दिले असतील तर दोष आईचा, आणि तिच्या तासांची चौकशी लागणार. मी म्हणाले, तिने दिले नाहीत, मी बघून चोरले. त्या बाईला ते पटलेलं दिसलं नाही. चौथी शिकलेल्या म्हातारीला चार आकडे नुसते बघून कसे येतील?

"तिचेच नाही," मी म्हणाले, "सगळ्यांचे येतात."

सुनेने कपाळाला हात लावला.

मी टेबलावर बोट ठेवून दाखवलं. ही जुळ्यांची आई, वरून सरळ खाली आणि एकदा बाजूला. हा रोज उशिरा येणारा बाप, मधलंच चारदा. ही चष्मेवाली, चारी कोपरे. सरकारच्या बाईने सुनेकडून यादी मागून घेतली आणि एकेक ताडून पाहिलं. एकही चुकला नाही. दुभाषीला कुणाची आई, कुणाचा बाप एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळं माझं बोटच बोलत होतं.

मग तिने पोरीच्या आईला फोन लावला. तिच्या भाषेची दुसरी दुभाषी घेतली. आईने सांगितलं, टॅबलेट लागला नाही की संध्याकाळी विचारेन म्हणत होते, पण संध्याकाळी तो नीट चालायचा म्हणून राहून गेलं. आकडे कुणाला दिले नाहीत. पावणेसहाचा मेसेज, माझे ठिपके आणि तिचं बोलणं जुळलं. सरकारच्या बाईने सगळं लिहून घेतलं. त्या दिवसाची हजेरी खोडली आणि आधी मी दाबलेल्या सगळ्या सकाळी आईकडून तपासून घ्यायला सांगितल्या. जाताना दुभाषीमार्फत मला म्हणाली, "आजी, तुम्ही खरं बोललात म्हणून तिचे तास राहिले. पण परत त्याला हात लावलात तर इथे काम करता येणार नाही."

मी म्हणाले, बरोबर आहे.

शिक्षा आम्हाला झाली, व्हायलाच हवी होती. काय चुकलं त्याचा कागद दारावर लावावा लागला, येणाऱ्या-जाणाऱ्या आईबापांनी वाचावा म्हणून. सगळ्यांचे आकडे बदलले. मला ट्रेनिंगचा तोच धडा परत घ्यावा लागला. सून आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मुलगा मात्र जेवताना म्हणाला, "ठसे नाहीत म्हणून वाचशील असं वाटलं होतं." त्यावर ती हसली, मग बोलायला लागली.

चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. सव्वासहाला आई दारात, पोर खांद्यावर, आणि बस वळणावर. माझा हात सवयीने वर गेला, जा म्हणून. तिने नाही म्हणून मान हलवली. पोर माझ्याकडे दिली आणि टॅबलेटसमोर उभी राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं. मागे बोटाचे आवाज येत होते, सावकाश, एकेक. बस थांबली आणि तिला न घेता गेली. सही पूर्ण करून ती पायरीवर पुढच्या बसची वाट बघत उभी राहिली. मी आतून खुणेने चहा विचारला. नको म्हणाली.

पोर खांद्यावर जड झाली होती. मी तिला तशीच घेऊन आत गेले आणि एका हाताने अंथरूण घातलं. आता पोर हातात आल्याशिवाय मी अंथरूण घालत नाही.