मावशीचा उजळलेला चेहरा

फुलचूरला मामाच्या हॉलमध्ये दर रविवारी ग्रीन टीची मीटिंग भरायची. चरबी जळते, रक्त शुद्ध होतं, चेहरा उजळतो, असं मामा सांगायचा. पुरावा म्हणून स्वतःच्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, पुढच्या खुर्चीत बसवायचा. "पाहा, तोंडावर कसा उजेड आला!" बायका माना डोलवायच्या आणि चहाचे डबे विकत घेऊन जायच्या.

मावशीच्या गर्भाशयाचं ऑपरेशन रक्त कमी म्हणून अडलं होतं. दवाखान्यातून तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. आमच्याकडे गोळी चहासोबतच गिळतात. मावशीही तशीच गिळायची, फक्त आता मामाच्या चहासोबत.

पुढच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं फटक. रक्त वाढलं नव्हतं, ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं.

गोळी कशी घेते ते विचारून बाई म्हणाल्या, "गोली चाय के साथ? चाय बदन को लोहा लगने ही नहीं देती, मौसी!"

घरी येऊन मी मामाला सुनावलं, "ग्रीन टीचे फायदे असतील. पण लोकांना दाखवतोस तो उजेड नाही. तिच्या अंगात रक्त नाही!"

मामा हसला. "ऑपरेशन कुठं पळून जाऊन राहिलं? लोकं तिलेच पाहून डबा घेतात."

मावशी दारातच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मंग गोळी आता पाण्यासंग घेऊ का, भाऊ?"

"घे ना," मामा म्हणाला, "पण दिवाळीचा सीझन झाल्यावर."