गोचिडांवरची पावडर

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, गडमुडशिंगीला होते. लेक दोन महिन्यांची झाली होती. दावणीला एक म्हैस होती आणि तिच्या दुधाचा आबांना, माझ्या वडिलांना, कोण अभिमान. जाड साय बोटावर उचलून ते पै-पाहुण्यांना दाखवायचे. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून आई दोन्ही वेळा तांब्याभर धारोष्ण दूध माझ्यासमोर आदळायची. नको म्हटलं तर ऐकतंय कोण.

त्या उन्हाळ्यात म्हशीला गोचिडं फार झाली. आबांनी भुईमुगावर मारायची पांढरी पावडर आणली आणि हातानं तिच्या अंगाला चोळली, कासेलासुद्धा. गावात सगळेच चोळत. गोचिडं टपाटपा गळली तेव्हा आबा कुस्ती मारल्यासारखे खूश झाले. मग तो नेमच झाला.

एके दिवशी म्हशीचं अंग चाटता चाटता तिचं रेडकू थरथरायला लागलं. मान मागं गेली, तोंडाला फेस आला, पाय झाडत खाली पडलं. गुरांचे डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला होता. त्यांनी म्हशीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

"ही पावडर कुणी लावली?"

"मीच की. पिकाला चालतीया, म्हशीला काय हुतंय?" आबा म्हणाले.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. मज्जातंतूंच्या पेशी निरोप देतात आणि गप्प बसतात. या विषानं त्या गप्पच बसत नाहीत, कुणी दाराची कडी वाजवतच राहावं तशा. म्हणून झटके. बारक्या जिवाला ते लवकर भोवतं.

"चाटून पोटात गेलं ते गेलंच. पण हे कातडीतूनही मुरतं, चरबीत साठतं आणि सायीबरोबर बाहेर पडतं. दूध कोण पितं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. आईनंही पाहिलं. आबांचा असा संताप आला, की तो अजून पुरता उतरलेला नाही.

"म्हशीच्या दुधात उतरतं," मी कसंबसं विचारलं, "तर बाईच्या?"

"उतरतं," ते म्हणाले. "म्हशीचं दूध आजपासून बंद करा."

"आणि माझं?"

त्यांनी बॅग बंद केली. "मी गुरांचा डॉक्टर, ताई. कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांना विचारा."

आत पाळण्यात लेक भुकेनं रडायला लागली. एरवी "जा की, पाज तिला" म्हणून ओरडणारी आई आत जाऊन स्वतःच पाळण्याची दोरी ओढायला लागली.