टाकीवरचं रेडियम

जुनी गाडी बघायला जाताना लोक सोबत मेकॅनिक नेतात. मी आईला नेलं. नगरच्या एका निवृत्त मास्तरांनी आपली वापरलेली क्रूझर मोटरसायकल पुसून अंगणात काढून ठेवली होती. मी आईला म्हणालो, "बस." ती नऊवारी सावरून दोन्हीकडे पाय टाकून बसली, पाठ मागच्या टेकूला लावली आणि तशीच बसून राहिली. मास्तर म्हणाले, "चालवून तरी बघा." मला बघायचं होतं ते बघून झालं होतं.

आईचा मणका गेलाय. पंचवीस हंगाम तिनं ऊस तोडला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढली. आता दर पंधरा दिवसांनी तिला पाथर्डीहून नगरच्या डॉक्टरांकडं न्यावं लागतं. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, जीपमध्ये चेंगरून बसवत नाही. आधी आम्ही एका नावाजलेल्या कंपनीच्या शोरूममध्येही जाऊन आलो होतो. तिथली गाडी देखणी होती, नाही म्हणत नाही. पण त्या उंच सीटवर पाय टाकताना आई मध्येच थांबली, ओठ चावला आणि म्हणाली, "चांगली हाय, घिऊन टाक." मला तिचाच इतका राग आला की मी तिथला चहासुद्धा घेतला नाही.

मास्तरांची गाडी घरी आणली, तर गावात एकानंही विचारलं नाही की आईला नीट बसता येतं का. ज्याला त्याला एकच पडलेलं, कंपनी कुठली? आणि लगेच पुढचं, शाळेत क्लार्क आहेस, मग जुनी का? या लोकांना गाडी बसायला लागत नाही, दारात उभी करायला लागते. चुलता तर दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. तो ऊसतोड टोळीचा मुकादम, आणि आई जन्मभर त्याच्याच टोळीत राबलेली. वडील गेल्यापासून घरात शब्द त्याचाच चालतो. त्याच्या पोराकडं ती नावाजलेली गाडी आहे, गल्लीच्या तोंडापासून आवाज करत येते.

तिसऱ्या दिवशी त्याला वाचा फुटली. "आयतवारी सोयरीक घिऊन पाव्हनं येनार, आन तू म्हाताऱ्याची गाडी आनून दारात लावली."

"पाव्हण्यांना गाडीशी लग्न लावायचंय का?" मी म्हणालो.

त्याचंही काही चूक नव्हतं म्हणा. आमच्याकडं मुलीची माणसं घर बघायला आली की आधी बोअरचं पाणी बघतात, मग गोठा, मग दारातली गाडी. मुलाची पाळी त्यानंतर येते.

शनिवारी चुलता हवा भरून आणतो म्हणून गाडी घेऊन गेला आणि परत आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवली. त्याला माझ्या गाडीची एवढी काळजी कधीपासून, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. रविवारी सकाळी ताडपत्री काढली, तर टाकीच्या दोन्ही बाजूंना सोनेरी रेडियममध्ये त्या नावाजलेल्या कंपनीचं नाव.

"लांबून कळत न्हाई," चुलता शेजारी उभा राहून कौतुकानं म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. घरातून उलथनं आणलं आणि टाकी खरवडायला लागलो. रेडियमबरोबर रंगही निघत होता, निघू दे म्हटलं. "तुमची मुकादमी आईच्या डोक्यावरच्या मोळ्यांवर चालली," मी ओरडलो. "आता कुठं तिला टेकायला जागा मिळाली, तर तिथंसुद्धा खोटं नाव चिकटवता?" त्यानं नुसतं उंबऱ्याकडं बघितलं, त्याचा मला आणखीच राग आला.

"ऱ्हाऊ दे," आई उंबऱ्यातून म्हणाली. मी ऐकलं नाही.

"ऱ्हाऊ दे म्हन्ते ना. मीच सांगितलं हुतं भाऊजींला. माज्या पाठीपायी तुजं लगीन अडाया नगं."

उलथनं माझ्या हातात तसंच राहिलं.

पाहुणे आले तेव्हा टाकीवर निम्मं नाव शिल्लक होतं. मुलीच्या वडिलांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं, गाडी वापरलेली आहे, कंपनी दुसरी आहे, आईला बसता यावं म्हणून घेतलीय. ते "बरं" म्हणाले, पोहे खाल्ले, आणि चार दिवसांनी योग नाही असा निरोप आला. चुलत्यानं तो निरोप आईला दोनदा वाचून दाखवला.

पुढच्या बुधवारी डॉक्टरांकडं जायचं होतं. मी गाडी काढेपर्यंत आई रस्त्याला जाऊन जीपची वाट बघत उभी. मी गाडी तिच्यापुढं आडवी लावली.

"तुजं जमलं की मंग बसंन," ती म्हणाली.

मी चिडलो, हात जोडले, पुन्हा चिडलो. जीप आली आणि लोकांनी तिला आत ओढून घेतलं. करंजीचा घाट संपेपर्यंत मी त्या जीपच्या मागं होतो. दर खड्ड्याला काचेतून तिचं डोकं वर उडताना दिसायचं, आणि जिथं तिची पाठ टेकायची तो टेकू मी रिकामा घेऊन चाललो होतो.