पडद्याकडे पाठ करून

वर्गात पडदा उजळला की बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. पोरं उड्या मारणारे आकडे बघायची आणि बाई पोरांचे चेहरे. तेही एका जागी थांबून नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या. तास संपला की माझ्यापुढे ठरलेला प्रश्न, "मजा आली. मग, शिकली काय?"

सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत प्रोजेक्टर आणि टॅब मीच हौसेनं आणवले होते, त्यामुळे तो प्रश्न मला टोचायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण खूश असताना त्याचं काही समाधान होत नाही.

चौथीत एक मुलगी होती. घर नंदुरबारकडचं, बोली अहिराणी. वडील लूमवर, आई घरी साड्यांना लेस लावायची. वर्गात ही तोंड उघडायची नाही, पण टॅबवरच्या अपूर्णांकांच्या खेळात रोज तिन्ही तारे! मी ते बाईंना मुद्दाम दाखवले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पर्समधून मीटरभर लेस आणि कात्री काढली. "यातली पाव मीटर काप बरं."

मुलीनं लेस घेतली, कात्री उघडली आणि बाईंकडे पाहिलं. कात्री चाललीच नाही.

"बघा सर! तारे तीन, आणि पाव मीटर कापता येत नाही." बाईंच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. मग तिच्याकडे वळून, "टॅबवर येतं, मग इथं का नाही गं?"

ती खाली बघत पुटपुटली, "त्याले राग नही येस, बाई. चुकनं तरी पुन्हा इचारस."

बाईंचं माहेर धुळ्याचं, त्यांना शब्द न् शब्द कळला: टॅबला राग येत नाही, चुकलं तरी तो पुन्हा विचारतो. त्यांनी कात्री पर्समध्ये ठेवली आणि वर्गाबाहेर गेल्या.

त्यानंतर तर त्यांना चैनच पडेना. मुलीला शेजारी घेऊन बसायच्या, मध्येच "अगं, असं कसं" म्हणून आवाज चढायचा, की ओठ घट्ट मिटून उठायच्या, दोन चकरा मारून परत बसायच्या. दिवाळी वेकेशननंतर एके दिवशी त्या मुलीनं लेसच्या घड्या घातल्या आणि पाव मीटर बरोबर कापली.

"खेळाचा उपयोग झाला ना, बाई?" मी विचारलं.

"खेळाचा, की लेसचा, की मी गप्प बसले त्याचा? मला कळत नाही, सर. पस्तीस वर्षं शिकवतेय, कळायला नको?"

गेल्या एप्रिलात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला हार आला, पेढे आले, बाईंचा मात्र पत्ता नाही. मी शोधत वर गेलो. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर त्या टॅब घेऊन बसल्या होत्या. अर्धा विचारला की पाव दाबत होत्या, पाव विचारला की पाऊण. मुद्दाम. प्रत्येक चुकीनंतर टॅबमधून आवाज येई, "हरकत नाही, पुन्हा करून बघू या." बाई कान देऊन ऐकत आणि मग हळूच, त्याच सुरात, स्वतः म्हणून बघत.

मी दारातूनच मागे फिरलो. खाली येऊन सगळ्यांना म्हटलं, "थांबा जरा. बाईंचं काम चाललंय."