बँकेत दिलेला डोळा

दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतरच्या आठवड्यात, निपाणीच्या एका शाळेत भरलेल्या नेत्रशिबिरात डॉक्टरांनी बायाक्कांना उजव्या डोळ्याचे ऑपरेशन करायला सांगितले. बायाक्कांनी तिथल्या तिथे नकार दिला. कारण एका वाक्यात सांगितले.

"ह्यो डोळा बँकेत दिलाय."

डॉक्टर बेळगावचे होते, तरुण होते. त्यांना वाटले, आपण नीट ऐकले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. बायाक्कांनी मग आपल्या परीने तोड सुचवली : "डावा घ्या की. त्यो मोकळा हाय."

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू कच्चा होता, उजव्यातला पिकलेला. शिबिरात वाटलेले केळे घेऊन बायाक्का घरी आल्या. पुढचे अकरा महिने त्यांनी उजव्या डोळ्याला कोणालाही हात लावू दिला नाही.

मी त्या वेळी एका दैनिकाचा निपाणीचा बातमीदार होतो. बायाक्कांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती. त्यांनी साठी ओलांडली होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. लग्नाआधीपासून त्या विड्या वळत. सकाळी उंबऱ्यात बसायचे, मांडीवर सूप घ्यायचे, सुपात कापलेली पाने आणि जर्दा. बोटे पान गुंडाळत, टोक दुमडत, दोरा आवळत, डोळे गल्लीवर. कोण कुठे गेले, कोण कधी आले, ही माहिती मी पुष्कळदा त्यांच्याकडूनच घेत असे. "आक्का, हाताकडे बघत नाही तुम्ही?" असे मी एकदा विचारले होते. "हात बघतोय की पानाकडं. मी कशाला बघू?"

कारखान्यात विड्या तपासून घेतात. सैल, वाकडी, टोक उघडे राहिलेली विडी बाजूला काढतात. तिला छाट म्हणतात. बायाक्कांच्या विड्यांत छाट निघत नसे. त्या फक्त या एका गोष्टीची बढाई मारत.

त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण कागदावर त्यांचा माणसापेक्षा जास्त विश्वास होता. घरात आलेला प्रत्येक कागद त्या खुंटीवरच्या तारेत ओवून ठेवत. सिंहाचा शिक्का असलेला कोणता, निळ्या कडेचा कोणता, चहा सांडलेला कोणता, हे त्यांना पाठ होते. "तोंडचं वाऱ्यावर जातंय," त्या म्हणत, "तारंवरचं कुठं जातंय?"

डोळा बँकेत गेला तो असा. बायाक्कांची विधवा पेन्शन पोस्टमन घरी आणून देत असे. एके दिवशी पैशांबरोबर त्याने एक कन्नड कागद आणला आणि वाचून दाखवला. यापुढे पेन्शन फक्त बँकेतल्या खात्यावर जमा होणार होती. खाते नाही, तर पेन्शन नाही. खाते उघडायला यंत्रावर अंगठा उमटायला हवा होता.

विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा यंत्रावर सहजी उमटत नाही. पानाच्या कडेने आणि दोऱ्याने बोटांवरच्या रेषा झिजून जातात. गल्लीत त्यावर ठरलेला उपाय आहे. बँकेत जायच्या आधी तीन दिवस विड्या बंद ठेवायच्या आणि अंगठ्याला खोबरेल चोळायचे. त्या दिवसांत बाई दारात रिकामी बसलेली दिसली, की विचारायची गरज नसते. ती स्वतःच सांगते, "अंगठा उगवायला ठेवलाय."

बायाक्कांनी तीनदा अंगठा उगवायला ठेवला. तिन्ही वेळा यंत्राने नाकारला. समोरच्या घरातल्या हौसाक्का त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे विड्या वळत होत्या. त्यांचा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला होता आणि हे त्या विसरू देत नव्हत्या.

"तुझ्यात काय उगवत न्हाय गं," हौसाक्का म्हणाल्या. "जमीनच खडकाळ."

"तू कामचुकार, म्हणून तुझ्या रेघा शाबूत," बायाक्का म्हणाल्या. "खरं काम केल्याली बोटं ही अशी."

चौथ्या खेपेला मी बरोबर गेलो. बँकेत गदगकडच्या एक नव्या अधिकारी मॅडम आल्या होत्या. मराठी त्यांना बेताची येई. त्यांनी अंगठ्याचा नाद सोडला, कपाटातून दुर्बिणीच्या अर्ध्या नळीसारखे एक यंत्र काढले आणि बायाक्कांच्या उजव्या डोळ्यासमोर धरले. "कण्ण तेगीरी, अज्जी." डोळा उघडा, आजी. बायाक्कांना कन्नड येत होते. त्यांनी डोळा इतका उघडला, की मॅडमना हसू आले. खाते उघडले गेले. घरी येताना बायाक्का वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "बोटानं दगा दिला. डोळ्यानं इमान राखलं."

मॅडमनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. पेन्शनवाली बाई हयात आहे याची खात्री वर्षातून एकदा याच यंत्रावर करावी लागेल. पहिली खेप पुढच्या वर्षी दिवाळीनंतर.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते शिबिर झाले. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी बायाक्का एकट्या बँकेत गेल्या आणि मॅडमना विचारले, "डोळा कापला तर तुमचं मशीन मला वळखंल का?"

मॅडमनी खरे उत्तर दिले. "मशीनचं मी कसं सांगू, अज्जी?"

या एका वाक्यावर ऑपरेशन अडले. मी समजावून पाहिले. बायाक्का शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "तू लिवून देतोस?" मी लिहून देत नसे. खात्री नसलेले लिहायचे नाही, ही माझ्या नोकरीतली पहिली शिकवण होती.

दरम्यान उजव्या डोळ्याने दिसणे जवळजवळ थांबले. एकदा त्यांनी विजेचे मीटर बघायला आलेल्या माणसाला मी समजून "पेपरवाल्या, आज लवकर आलास रं" म्हणून उंबऱ्यावर बसवून चहा दिला. तो निमूटपणे पिऊन गेला. हौसाक्कांनी ही गोष्ट दोन गल्ल्यांत पोचवली. बायाक्काही त्या हसण्यात सामील झाल्या. "बिचारा तहानलेला हुता," एवढेच त्यांचे म्हणणे.

श्रावणात मात्र त्या हसल्या नाहीत. कारखान्यात त्यांच्या विड्यांत छाट निघाली. मूठभर. आयुष्यातली पहिली. वळायला त्यांना नजर लागत नसे, पण पाने मापात कापायला लागे. हौसाक्का तिथेच होत्या; ही गोष्ट त्यांनी कुठेच पोचवली नाही. घरी आल्यावर बायाक्कांनी सूप भिंतीला लावले आणि माझे दार वाजवले.

"डागदर लिवून देईल का रं?"

डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावून आवाज मोठा केला. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. "आक्का, आम्ही बुबुळाच्या मागचं गढूळ झालेलं भिंग काढतो. बुबुळाला हात लावत नाही. आणि यंत्र बुबुळ बघतं."

"ह्ये कागदावर येईल?"

"येईल."

चिठ्ठी दोन दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरकडून आली. बायाक्का ती घेऊन सरळ बँकेत गेल्या. मॅडमनी वाचली आणि म्हणाल्या, "याची इथं गरज नाही, अज्जी."

"गरज मला हाय. शिक्का तुमचा हाय. हाणा."

मॅडमनी कागद मिळाल्याचा तारखेचा शिक्का मारला. बायाक्कांनी शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घातली.

ऑपरेशनला बेळगावला जायचे ठरले. बरोबर हौसाक्का आणि मी. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना आधार कार्ड दाखवले की शून्याचे तिकीट मिळते. बायाक्कांनी ते तिकीट कनवटीला लावले. घरी आल्यावर तेही तारेत गेले. संकेश्वर येईपर्यंत दोघींनी डब्यातली चपाती आणि झुणका संपवला होता. हत्तरगीच्या पुढे हौसाक्का रडू लागल्या. "डोळा माझा कापायचाय आणि रडतीया ही," बायाक्का पुढच्या बाकावरच्या बाईला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बायाक्कांनी आधी खिडकी पाहिली, मग हौसाक्का, मग मला. माझ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तू असा हाईस व्हय रं? मी तुला बरा समजत हुते."

हौसाक्का कॉटच्या दांड्याला धरून हसल्या. नर्सने दोघींना गप्प बसायला सांगितले.

दिवाळी झाली. हयातीच्या खेपेला बायाक्का काळा चष्मा लावून बँकेत गेल्या. गल्लीतल्या सहा बायका त्यांच्यामागून गेल्या, कारण त्या दिवशी कोणाचेच सुपाकडे लक्ष लागत नव्हते. बायाक्कांच्या हातात शिक्क्याची चिठ्ठी होती. त्यांनी चष्मा काढला आणि मॅडमनी यंत्र समोर धरले.

"कण्ण तेगीरी, अज्जी."

पडद्यावर तांबडी खूण आली. मॅडमनी यंत्र पुसले. पुन्हा डोळ्यासमोर धरले. बायाक्कांनी चिठ्ठी दुसऱ्या हातात घेतली.

"पापणी खाली आलीया गं तुझी," हौसाक्का मागून म्हणाल्या. "वर धर की. विडीचं पान धरतीस तशी."

बायाक्कांनी दोन बोटांनी पापणी वर धरली. ज्या बोटांना यंत्राने तीनदा नाकारले होते, तीच ती बोटे. पडद्यावर हिरवी खूण आली.

"काय म्हणतंय?" बायाक्कांनी पापणी न सोडता विचारले.

"म्हणतंय, बायाक्का हयात आहेत," मॅडम म्हणाल्या.

"त्येला आज कळलं व्हय."

सहाही बायका एकदम बोलू लागल्या. रखवालदार आत डोकावला आणि काय झाले ते कळल्यावर तोही थांबला. हौसाक्कांनी चौकातून पेढे आणले. पहिला पेढा मॅडमना दिला, दुसरा यंत्रापुढे ठेवला. तो मॅडमनी लगेच उचलून पुन्हा हौसाक्कांच्या हातावर ठेवला.

त्या आठवड्यात बायाक्कांच्या विड्यांत छाट निघाली नाही. मला हे हौसाक्कांनी सांगितले. मी कारखान्यात विचारून खात्री करून घेतली.

नंतर माझी बदली बेळगावला झाली. सामान हलवताना बायाक्कांनी मला उंबऱ्यावर बसवून चहा दिला. "पेपरवाल्या, नवा पत्ता लिवून दे," त्या म्हणाल्या. मी लिहून दिला. त्यांनी तो तारेत ओवला.

या वर्षी डावा डोळा पिकला. ऑपरेशनसाठी दोघी शून्याच्या तिकिटावर बेळगावला आल्या आणि त्याच पत्त्यावर माझ्या घरी उतरल्या. डॉक्टरांनी बायाक्कांना पाहताच लिहायचा कागद पुढे ओढला. बायाक्कांनी तो परत सरकवला आणि चष्मा काढून हौसाक्कांच्या हाती दिला.

ऑपरेशन सकाळी साडेदहाला सुरू झाले.