जुना एसी कोणी फोडला

चार वर्षं झाली. बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, बहिणीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कधी माझ्या घरी चहाला येणार नाही.

आणि ऐकाल तर कदाचित हसाल. एका एसीची गोष्ट आहे. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय? — मीही स्वतःला हेच विचारतो. मग उठतो, पाणी पितो, पुन्हा येऊन बसतो.

आम्ही जुईनगरला राहतो. खाडीची हवा. मे महिन्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, आंघोळ करून टॉवेल बाजूला ठेवेपर्यंत अंग परत चिकट. माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणतो — साताऱ्याकडून तरुणपणी इथे आले आणि आयुष्यभर त्यांनी मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या. म्हातारपणी त्याच पाठीवर दर उन्हाळ्यात घामोळं उठायचं, म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवला. आबा खूश. रिमोट कायम उशाशी. सोळावर लावायचे आणि वरून गोधडी घ्यायचे! मी कटकट करायचो, आबा, चोवीसवर ठेवा. ते म्हणायचे, "उनात लई शिजलोय रं. आता गारठू दे की."

आता माझ्याबद्दल. सोसायटीत कुणाचा नळ गळो, कुणाचा गिझर बंद पडो, आधी मला विचारतात. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू, फार आवडतं. बायको दर वर्षी म्हणायची, उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंगवाल्याला बोलावू. मी म्हणायचो, फिल्टर धुवायला माणूस कशाला लागतो? मी धुतो. आणि धुवायचो नाही. त्या वर्षी दिवाळीपासून झाकण उघडलं नव्हतं. तिने विचारलं, धुतलास का? म्हटलं, धुतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

अजून एक सांगायला हवं. मुद्दाम मागे ठेवत होतो. — त्या वर्षी आबा थोडं थोडं विसरायला लागले होते. एकदा दूध उतू गेलं. एकदा बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्याच दाराची बेल वाजवत बसले. स्वतःच हसून सांगायचे, पण सांगताना माझ्या तोंडाकडे बघायचे. ज्या माणसाला कुठल्या गाळ्यात कोणाचा माल उतरायचा हे निवृत्तीनंतरही तोंडपाठ, त्याला भीती वाटत होती. मला ते कळत होतं. हे लक्षात ठेवा — मला कळत होतं.

तर एके दुपारी आबा खाली कट्ट्यावर गेले होते. बायको कामावर. एसी घरघरत होता आणि हवा काही येत नव्हती. झाकण उचललं. फिल्टरवर बोटभर धूळ, आणि मागच्या कॉइलवर पांढराशुभ्र बर्फ. हवा कोंडली की असा बर्फ धरतो. काय करायचं, तेही मला ठाऊक होतं. एसी बंद करून दोन तास वाट बघायची, आपोआप वितळतो. शेजाऱ्यांना मीच सांगितलं होतं, कधी टोचू नका म्हणून.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

का? घाई कसली होती? आबा वर यायच्या आत, बायको यायच्या आत सगळं ठीक दिसायला हवं होतं — बहुतेक हेच. दोन ढलप्या छान निघाल्या. तिसऱ्या वेळी हात घसरला आणि गॅस सुटल्याचा फुस्स आवाज झाला. कितीतरी वेळ होत राहिला. तो थांबेपर्यंत मी स्टुलावर नुसता उभा होतो. मग फिल्टर धुतला, झाकण लावलं, फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. नेरूळचा, चाळिशीचा, कामाला चोख. बायको दारात उभी, आबा पलंगावर. त्याने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हितं होल पडलंय. कोनी टोचलं का काय?" आणि लगेच स्वतःच म्हणाला, "तसा कॉइल सडलाच होता. खाडीची हवा ना."

बघा — त्या बिचाऱ्याने मला दार उघडून दिलं होतं. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. खाडीच्या हवेवर ढकलून मोकळा झालो असतो. मी गप्प बसलो नाही. बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "आबांनी काहीतरी केलं असेल."

आबा म्हणाले, "म्या? कवा रं?"

आणि मी म्हणालो, "तुम्हाला आठवत नसेल, आबा."

एवढंच. आवाज चढवला नाही. उलट मऊ आवाजात, समजुतीने बोललो — तेच जास्त वाईट. आबांनी आपल्या हातांकडे बघितलं. उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाले, "आसंल. लागला आसंल हात."

नवा एसी आला. आबांनी त्याच्या रिमोटला आजवर बोट लावलेलं नाही. उकडलं की घामाने भिजून बसून राहतात, कुणी आत आलं तर विचारतात, लावता का जरा? त्याच आठवड्यात त्यांनी घराची किल्ली बायकोच्या हातात दिली. सकाळचा चहा स्वतः करायचे, तो बंद केला. कट्ट्यावर एकटे जाणं बंद केलं. डॉक्टर म्हणतात, हा आजार असाच वाढतो. वाढत असेल. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा आजाराने नाही नेला. तो त्या दुपारी त्या खोलीत मी काढून घेतला.

आता ते खूपच विसरलेत. नातीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. आई जाऊन किती वर्षं झाली, तेही मधूनच विसरतात आणि तिचं ताट वाढायला सांगतात. अजूनही खरं सांगता येईल. रोज सकाळी त्यांना दाढीचं पाणी देतो, तेव्हा समोरासमोर असतो. चार वर्षांच्या सकाळी मोजा. एकदाही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला तोच मेकॅनिक आला होता. हो, आता वर्षातून दोनदा बोलावतो. तो स्टुलावर चढला, झाकण उघडलं. पलंगावरून आबा त्याच्याशी बोलायला लागले. सगळं विसरलेला माणूस, पण हे एक पक्कं धरून ठेवलंय. आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगतात, कुणी न विचारता.

"पयला एशी म्याच फोडला बरं का," आबा म्हणाले. "ध्यानात न्हाई माज्या, पर म्याच."

"चालतंय की आजोबा," तो म्हणाला.

मी खाली स्टूल धरून उभा होतो. तसाच उभा राहिलो.