बहिणीच्या नंबरावर

माझी धाकटी बहीण मोहोळला दिलीय. मी जुळे सोलापुरात राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मध्ये एसटीनं तासाभराचं अंतर, पण नोकरी आणि घर यांतून तेवढंही जाणं होत नाही. म्हणून आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर चालायचं. शाळा सुटली की रिक्षाची वाट बघत मी तिला लिहायचे आणि ती भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं उत्तर द्यायची. तिच्या सासूची कुरकूर, आमच्या मुख्याध्यापकांच्या चालण्याची नक्कल, आईचे गुडघे. आईला सांगता येणार नाही तेही मी तिला सांगायचे.

मागच्या वर्षी माझ्या अंगावरून फार जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि गर्भपिशवी काढावी लागेल असं सांगितलं. मी घाबरले. नवऱ्याशी बोलले, पण ते "डॉक्टर म्हणतील तसं करू" याच्या पुढं सरकेनात. मग बहिणीला लिहिलं. काहीच हातचं न राखता लिहिलं. पिशवी गेल्यावर बाई म्हणून आपलं काय राहतं, नवऱ्याचं मन फिरेल का, असलंसुद्धा. तिनं समजूत घातली. मला हलकं वाटलं.

त्यानंतर माढ्याजवळच्या आमच्या गावी चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. अंगणात पंगत बसली होती. समोरच्या ओळीत वडील आणि चुलते, इकडं आम्ही बायका. बहिणीचा नवरा वाढत होता. जावई असून हातात बादली घेतो, म्हणून गावात त्याचं फार कौतुक. माझ्या पानात आमटी वाढता वाढता तो थांबला.

"ताई, पिशवीचं काय ठरलं मग? पुण्याला दाखवायचं का एकदा? आणि दाजी बदलतील वगैरे मनात आणू नका."

वडिलांनी मान खाली घातली. चुलती माझ्याकडं बघत राहिली. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, काळजीच होती, त्यामुळं मला धड रागावताही येईना. मी भात कालवत बसले.

जेवणं झाल्यावर बहिणीला शेळ्यांच्या गोठ्यामागं नेलं. तू त्यांना सांगितलंस का, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं नव्हतं. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवरही उघडत होतं. खत-बियाण्यांच्या दुकानांचे हिशेब तो घरी बसून करायचा, आणि कामाच्या बाजूला तिचे मेसेज उघडे असायचे. लग्न झाल्यापासून हे असंच होतं. म्हणजे आम्ही दोघी बोलत होतो तेव्हा तो कायम तिथं बसलेला होता.

मी म्हटलं, ते काढून टाक, मी दाखवते कसं काढायचं.

"काढलं होतं की आक्का," ती म्हणाली. "परत लावलं त्यांनी. भांडले न्हाईत. नुसते जेवायचे बंद झाले. आत्याबाई मला विचारायला लागल्या, काय केलंस म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

आईशी बोलून बघितलं. आईला त्यात वावगं काही दिसेना. "नवराच हाय की तिचा. पीत न्हाय, हात उचलत न्हाय. लई जीव लावतो, म्हणून बगतो." माझे यजमान म्हणाले, त्यांच्या संसारात आपण पडू नये.

शेवटी मीच त्याला फोन केला. तो शांतपणे ऐकत होता.

"आमच्या दोघांत लपवण्यासारखं काहीच नाही, ताई."

"पण ते माझं होतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय परक्या आहात का?"

मी फोन ठेवला.

त्यानंतर बहिणीचे मेसेज कमी झाले, मग ते वेगळे यायला लागले. तिला जोडाक्षरांचा कंटाळा, ती कसंही मोडकंतोडकं लिहायची. आता पूर्ण वाक्यं यायची, पूर्णविरामासकट. एकदा आलं, 'हो ताई, आम्ही सर्व मजेत आहोत.' ती मला जन्मात कधी ताई म्हणालेली नाही. लगेच तिला फोन लावला. तिनं उचलला, पण मागं टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला आणि ती म्हणाली, "बरी हाय गं आक्का."

माझं ऑपरेशन सोलापुरातच झालं. ती भेटायला आली, सोबत तोही. शहाळी घेऊन आला होता. तिनं माझे केस विंचरले, वेणी घातली. तेवढ्यात त्यानं आमचा फोटो काढला. दवाखान्याचा तो ढगळ गाऊन, हाताला सलाईन. ते दोघं घरी पोचायच्या आत फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर होता, तब्येत ठणठणीत आहे असं लिहून. भराभर फुलं आणि जोडलेले हात यायला लागले. काढा म्हणावं तर एवढे लोक बघून झालेले. मी फोन उशीखाली सारला.

आता मी तिला सणाच्या शुभेच्छा आणि पदार्थांचे फोटो एवढंच पाठवते. सुट्टी मिळाली की एसटी धरून मोहोळला जाते. तो दारात येऊन स्वागत करतो, चहा स्वतः टाकतो आणि कप घेऊन आमच्यातच बसतो. कांद्याचा भाव, मुलाची शाळा, असं बोलणं होतं. बहीण माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते. मध्येच ती उठून आत जाते तेव्हा मलाही मागं जावंसं वाटतं, पण तो काहीतरी विचारत असतो आणि मला उत्तर द्यावं लागतं. निघताना दोघं रस्त्यापर्यंत येतात. ती माझी पिशवी हातात देते, बोटं क्षणभर धरून ठेवते.

"पोचल्यावर मेसेज करा, ताई," तो म्हणतो.

घरी आल्यावर मी तिच्या नंबरावर लिहिते, पोचले.